मुंबईंत उतरावें कोठें ?

आमच्या धाराशिवकडील घरांतून कोणी मुंबईस जावयाचें ठरलें म्हणजे पहिला प्रश्न तिकिटाचा निघतो आणि दुसरा उतरण्याचा. पहिला प्रश्न आतां फारसा अवघड राहिलेला नाहीं. आमच्या वडिलांच्या काळीं बार्शी लाइट रेल्वेची अडीच फूट रुंदीच्या रुळांवरून धांवणारी छोटी गाडी होती. १९११ सालीं ती लातूरपर्यंत पोहोंचली, पण उस्मानाबाद शहरास तिनें कधीं स्पर्श केला नाहीं. येडशीस जाऊन तींत बसावें, कुर्डुवाडीस उतरावें, आणि तेथें मोठ्या गाडीची वाट पाहात फलाटावर बसावें, असा तो प्रवास होता. २००८ सालीं हा मार्ग रुंद झाला, खुद्द आमच्या शहरास स्टेशन मिळालें, आणि आतां रात्रीं जेवून गाडींत बसलेला मनुष्य सकाळीं मुंबईच्या फलाटावर तोंड धुतो. दुसरा प्रश्न मात्र वर्षागणिक अधिकच कठीण होत चालला आहे. तो केवळ सोयीचा नसून मानापमानाचा, नात्याचा आणि कधीं कधीं जिवाचा असल्यामुळें त्याविषयीं चार शब्द लिहावे असें आम्हांस वाटतें.

मुंबईस आम्ही मंडळी हौसेनें क्वचितच जातों. जिल्ह्याच्या डॉक्टरांनीं "एकदां मुंबईस दाखवून या" असें म्हटलें म्हणजे परळचा रस्ता धरावा लागतो. तेथें के. ई. एम. रुग्णालय १९२६ पासून आणि टाटा स्मारक रुग्णालय १९४१ पासून साऱ्या महाराष्ट्राचे रोगी पाहात आलें आहे. कोणाचें मंत्रालयांत काम अडलेलें असतें, कोणाच्या मुलाची परीक्षा किंवा मुलाखत असते. अशा वेळीं घरांतील वडील मंडळी एकच उत्तर देतात : "आपला अमका डोंबिवलीस आहे ना ? मग चिंता कसली ?" हा अमका कोणाचा पुतण्या असतो, कोणाचा भाचा, कोणाच्या आतेबहिणीचा जांवई. त्याची दोन खोल्यांची जागा असते. नवराबायको दोघेंही सकाळच्या लोकलनें जातात आणि रात्रीं दिवे लागल्यावर परत येतात. अशा घरीं गांवाकडून दोन पाहुणे पिशव्या घेऊन आले म्हणजे कोणी तरी आपली खाट सोडतें, कोणी तरी स्वयंपाकघरांत निजतें, आणि एखाद्या मुलाचा अभ्यास जिन्याच्या पायऱ्यांवर होतो. तोंडानें कोणी बोलत नाहीं. परंतु तिसऱ्या दिवशींही मुक्काम न हलविणाऱ्या पाहुण्याच्या अकलेविषयीं आपल्या म्हणींत काय सांगितलें आहे, तें वाचकांस ठाऊकच आहे.

पाहुणचाराच्या बाबतींत आमचा जिल्हा कोणास हार जाणारा नाहीं, हेंही येथें सांगितलें पाहिजे. तुळजापुरास भवानीच्या दर्शनास येणारा यात्रेकरू पिढ्यान्‌पिढ्या आपल्या पुजाऱ्याच्याच घरीं उतरत आला. दूरदूरचा मनुष्य येई, पुजाऱ्याच्या ओसरीवर वळकटी टाकी, आणि त्याच घरीं देवीचा नैवेद्य शिजे. आतां तेथेंही भक्तनिवास आणि लॉज झाले आहेत. पण उतरावयाचें तें ओळखीच्या दारीं, ही वृत्ति आमच्या रक्तांत मुरून राहिली आहे. त्याहून मागें पाहावयाचें तर आमच्या जिल्ह्यांतील तेर म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील एका ग्रीक प्रवासग्रंथांत तें पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर सांगितलें असून तेथील कापड गाड्यांतून भडोच बंदरास जात असे असें नमूद आहे. तितक्या लांबच्या वाटेवर ते गाडीवान रोज रात्रीं कोठें तरी उतरतच असले पाहिजेत, आणि प्रत्येक मुक्कामीं त्यांचा पुतण्या राहात नसावा ! ज्यानें जन्मभर यजमान म्हणून मान घेतला, त्यास पैसे मोजून परक्या खोलींत निजणें जड जातें, हें साहजिक आहे. परंतु साहजिक असलेली प्रत्येक गोष्ट योग्य असतेच असें नाहीं.

या बाबतींत शब्दांनींही आपला थोडा घात केला आहे. इंग्रजींत ज्या घरीं रात्रीं राहावयास मिळतें त्यास हॉटेल म्हणतात. आपण चहा आणि भजीं मिळण्याच्या जागेस तें नांव दिलें. राहण्याच्या जागेस मग 'लॉज' हा शब्द उरला, आणि कांहीं ठिकाणच्या गैरचालींमुळें त्या शब्दास असा डाग लागला कीं, गृहस्थी घरांत तो उच्चारतांना माणसें आवाज खालीं आणतात. 'धर्मशाळा' म्हटलें कीं पुण्य डोळ्यांपुढें येतें आणि 'लॉज' म्हटलें कीं पाप. वस्तुतः एक संस्था दानावर चालते आणि दुसरी भाड्यावर, एवढाच मूळचा भेद आहे. भाडें घेणें हें पाप असतें तर साऱ्या सदाशिव पेठेस प्रायश्चित्त घ्यावें लागलें असतें.

आपल्या प्राचीन ग्रंथांत या संस्थेचा उल्लेख भरपूर आहे. वाटसरूच्या निवासस्थानास संस्कृतांत 'आवसथ' असा शब्द आहे. छांदोग्य उपनिषदाच्या चवथ्या अध्यायांत जानश्रुति नांवाच्या दानशूर राजाची कथा आहे. सर्व दिशांचे लोक आपलेंच अन्न खावोत अशा इच्छेनें त्यानें जागोजाग आवसथ बांधविले होते. पुढें एका रात्रीं उडत जाणाऱ्या हंसांच्या बोलण्यांतून त्यास कळतें कीं, गाड्याखालीं बसणारा रैक्व नांवाचा एक गरीब ज्ञानी आपणांहून थोर आहे. कथेचें तात्पर्य ब्रह्मविद्येकडे जातें. पण शाळामास्तराच्या दृष्टीस त्यांतील आणखी एक गोष्ट दिसते. दात्याच्या अन्नांत 'माझें' हा एक शब्द मिसळलेला असतो, आणि खाणारास तो गिळावाच लागतो. भाड्याच्या खोलींत तो नसतो. सकाळीं पैसे दिले कीं देणारा आणि घेणारा दोघेही मोकळे.

कौटिल्यानें तर अर्थशास्त्रांत नगराधिकाऱ्याच्या कर्तव्यांत या विषयास स्वतंत्र जागा दिली आहे. धर्मशाळा चालविणारानें पाखंडी पांथस्थांची वर्दी अधिकाऱ्यास देऊन मग त्यांना उतरूं द्यावें, आणि गृहस्थानेंसुद्धां आपल्या घरीं आलेल्या व गेलेल्या परक्याची खबर द्यावी, असा त्याचा नियम होता. खबर न दिल्यास त्या रात्रीं घडलेल्या गुन्ह्याचा दोष घरधन्यावर येई. कांहीं न घडलें तरी तीन पण दंड भरावा लागे. पुढें १८६७ सालीं इंग्रज सरकारनें सरायांचा कायदा करून सराई नोंदविणें, ती स्वच्छ ठेवणें आणि तिच्यावर पहारा ठेवणें चालकावर बंधनकारक केलें. लॉजच्या टेबलाशीं वही पुढें सरकवून "कोठून आलांत, किती दिवस राहणार, ओळखपत्र दाखवा" असें विचारूं लागले म्हणजे आमच्या वयाच्या कित्येकांना तो संशय वाटून राग येतो. राग येण्याचें कारण नाहीं. ही वही दोन हजार वर्षांची जुनी आहे.

आणि लॉजमध्यें राहणें ही थोरांनाही कमीपणाची गोष्ट वाटली नाहीं. मुंबईंत क्रॉफर्ड मार्केटजवळ सरदारगृह नांवाची इमारत आहे. लोकमान्य टिळक मुंबईस आले म्हणजे तेथें उतरत, आणि १९२० सालीं ऑगस्टच्या पहिल्या तारखेस मध्यरात्र उलटल्यावर त्यांनीं देह ठेवला तो त्याच उतारगृहांत. साऱ्या मुंबईंत त्यांच्यासाठीं कोणतें दार उघडलें नसतें ? तरी त्यांनीं मुक्कामास उतारगृहच पसंत केलें. पुण्यास लक्ष्मी रस्त्यावर १९३५ सालीं मूकपटांच्या काळांतील नामांकित दिग्दर्शक नानासाहेब सरपोतदार यांनीं पूना गेस्ट हाऊस काढलें. कित्येक कलावंतांनीं आणि परगांवच्या मंडळींनीं पुणें पाहिलें तें तेथें राहून. मध्यम स्थितींतील मनुष्याला परवडेल, स्त्रियांना घेऊन उतरतां येईल, अशा जागा मराठी माणसांनींच उभारल्या आहेत. त्यांची गणना आपण समाजोपयोगी संस्थांत करीत नाहीं, हें आश्चर्य होय.

येथें एक कडू गोष्टही सांगितली पाहिजे, कारण तिच्यावांचून चित्र खोटें होईल. 'ब्राह्मणांची खानावळ' अशा पाट्या ज्या काळीं अभिमानानें लागत, त्या काळीं पैसे असूनही प्रत्येकास छप्पर मिळत नव्हतें. अमेरिकेंत व इंग्लंडांत शिकून १९१७ सालीं बडोदें संस्थानच्या नोकरीस आलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांस हिंदूंच्या विशींत आपणांस घेणार नाहींत हें ठाऊक होतें. म्हणून ते एका पारशी सराईंत नांव बदलून राहिले. अकराव्या दिवशीं काठ्या घेतलेल्या जमावानें त्यांना तेथूनही बाहेर काढलें. ही हकीकत त्यांनीं स्वतः लिहून ठेविली आहे. २६ जानेवारी १९५० रोजीं अंमलांत आलेल्या राज्यघटनेच्या पंधराव्या कलमांत दुकानें, उपाहारगृहें व हॉटेलें यांत जातिधर्मावरून कोणासही मज्जाव करतां येणार नाहीं असें जें लिहिलें गेलें, त्याच्या मागें अशा रात्री आहेत. आज लॉजच्या वहींत नांव, गांव, वय आणि काम लिहावें लागतें. जातीचा रकाना तींत नसतो. ही सुधारणा लहान नव्हे, आणि आमच्यासारख्यांच्या घरांत ती मोकळ्या मनानें मान्य झाली पाहिजे.

आतां आमचा स्वतःचा अनुभव सांगतों. दोन वर्षांपूर्वीं आमच्या कुटुंबास गळ्याशीं गांठ असल्याचें दिसून आलें आणि येथील डॉक्टरांनीं मुंबईचा रस्ता दाखविला. आमचें घर चुलींत एकत्र आहे. वडील बंधु, वहिनी, त्यांचा धाकटा मुलगा व सून, आम्ही उभयतां आणि नातवंडें, असा बारा माणसांचा परिवार एका वाड्यांत नांदतो. बंधूंचा थोरला मुलगा डोंबिवलीस असतो. साहजिकच मुक्काम त्याच्याकडे असें बंधूंनीं ठरवून टाकलें. आम्हीं मात्र परळच्या जवळपास एखादा साधा लॉज पाहतों असें म्हटलें, तेव्हां घरांत दोन दिवस अबोला झाला. बंधु म्हणाले, "मुलाचें घर असतां भाऊ आणि भावजय लॉजवर उतरलीं, हें उद्यां गांवांत कळलें तर मी कोणास तोंड दाखवूं ?" त्यांचें दुःख खोटें नव्हतें. आमच्या घराण्यांत उतरण्याच्या जागेवरून नात्याची खोली मोजण्याची रीति आहे, आणि बंधूंनीं ती आयुष्यभर पाळली आहे.

पुतण्याचा फोन आला तो त्याच रात्रीं. "काका, तुम्ही लॉजवर राहिलांत तर माझें इथें असून उपयोग काय ?" आम्हीं त्यास म्हटलें, "अरे, तुझा उपयोग आहेच, म्हणून तर तो जपून ठेवावयाचा आहे. सकाळच्या गर्दींत काकूला डोंबिवलीहून परळास रोज नेशील कसा ? आणि तिला दुपारीं पडावेंसें वाटलें तर तुमच्या घरांत दिवसां अंथरूण कोठें घालशील ?" तो गप्प राहिला. मग सूनबाईनें फोन घेतला. ती शांतपणें म्हणाली, "काका, काकूंना जिथें पाठ टेकतां येईल तिथें उतरा. डबा मात्र आमच्याकडचा. तेवढें नाहीं म्हणूं नका." घरांतील इतक्या चर्चेनंतर काकूंच्या पाठीचा विचार बोलून दाखविणारी ती एकटीच निघाली.

लॉज एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर होता. लिफ्ट नव्हता, जिना लांकडी व उंच पायऱ्यांचा होता. टेबलाशीं बसलेल्या गृहस्थांनीं वहींत नांवें लिहून घेतलीं, आधारची प्रत घेतली, आणि "रुग्णालयाचें काम का ?" एवढेंच विचारलें. खोलीचें भाडें दिवसास बाराशें रुपये. खोली दहा फूट लांब, आठ फूट रुंद. दोन खाटा, एक टेबल, भिंतींत तीन खुंट्या, आणि एक खिडकी, जींतून समोरच्या घरचे वाळत घातलेले कपडे दिसत. गरम पाणी सकाळीं सहा ते नऊ, माणशीं एक बादली. पहिली जी खोली दिली तिला मोरीचा वास येत होता. दुसऱ्या दिवशीं सकाळीं तसें सांगितलें तेव्हां कुरकूर न करतां तिच्या पलीकडची बदलून मिळाली. चादर मात्र मागितल्यावांचून बदलत नसत. दोष होते ते असे. पण कडी घट्ट होती, नळास पाणी होतें, आणि रुग्णालय दहा मिनिटांच्या वाटेवर होतें. आजारी माणसाच्या दृष्टीनें ही तिसरी गोष्ट दहा चादरींच्या बरोबरीची आहे.

त्या मजल्यावर बारा खोल्या होत्या, आणि दोन-तीन सोडल्यास सर्वांत कोणत्या ना कोणत्या रुग्णाचें बिऱ्हाड होतें. बोळांत एक लांबट बांक होतें. संध्याकाळीं तपासण्या आटोपून मंडळी तेथें येऊन बसत. लातूरकडील एक शेतकरी आपल्या तरुण मुलास घेऊन आला होता. रत्नागिरीकडील एक बाई नवऱ्यासाठीं महिनाभर राहिली होती. एक नंदुरबारचा विद्यार्थी मुलाखतीची तयारी करीत होता, आणि आमच्या रांगेंतील तेवढाच एक निरोगी मनुष्य म्हणून सर्वजण त्याच्याकडे कौतुकानें पाहात. कोणत्या खिडकीवर चिठ्ठी लवकर मिळते, कोणता कागद दोन प्रतींत लागतो, कोणत्या औषधाचा स्वस्त पर्याय मिळतो, ही सारी विद्या त्या बांकावर फुकट मिळाली. तेथें कोणी कोणाचें आडनांव विचारून जात काढली नाहीं. एकमेकांचा आजार ठाऊक होता ; तेवढी ओळख पुरेशी होती.

गांठीचा तुकडा तपासण्यास दिल्यावर उत्तर येईपर्यंत सहा दिवस थांबावयाचें होतें. हे सहा दिवस आम्ही आप्तांच्या घरीं काढले असते तर काय झालें असतें, याचा पुढें आम्हीं पुष्कळ विचार केला. तेथें येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकास रोग्यानेंच धीर द्यावयाचा असतो. "छे, छे, कांहीं निघणार नाहीं," असें पाहुण्यानें म्हणावें आणि रोग्यानें हंसावें, हा रिवाज आहे. लॉजच्या खोलींत हंसण्याची सक्ति नव्हती. तिसऱ्या रात्रीं कुटुंब अंथरुणावर उठून बसलें आणि म्हणालें, "उत्तर वाईट निघालें तर मला घरीं ठेवा. नळ्या लावून दूर ठेवूं नका. आणि माझ्या पाटल्या धाकट्या सुनेला द्या. थोरलीला तिच्या आईचें पुष्कळ मिळालें आहे." आमच्या लग्नास तेव्हां अडतीस वर्षें झालीं होतीं. वाड्यांत भिंती पातळ आणि माणसें पुष्कळ. दिवसां कोणी ना कोणी ऐकत असतें, आणि रात्रीं दमून झोंप लागते. इतक्या वर्षांत आम्ही उभयतां दार लावून एक तासभर केवळ एकमेकांशीं बोललों, असा प्रसंग त्या बाराशें रुपयांच्या खोलींत पहिल्यानेंच आला. रडावयाचें तें ती त्याच रात्रीं रडली. मग सकाळीं सहाची बादली आली आणि आम्ही तयार होऊन पुन्हां रुग्णालयाच्या रांगेंत उभे राहिलों.

एकत्र कुटुंबाचे गुण आम्ही जाणतों. त्याच्याच सावलींत आम्ही वाढलों आणि त्याच सावलींत डोळे मिटावे अशी इच्छा आहे. पण एक गोष्ट त्यांत मिळत नाहीं, आणि ती म्हणजे दुःख करण्यापुरती चार भिंतींची जागा. ती आम्हांस एका परक्या शहरांत, परक्या माणसाच्या इमारतींत भाड्यानें मिळाली, हें लिहितांना आम्हांस संकोच वाटत नाहीं.

उत्तर आलें तें अगदीं निर्दोष नव्हतें. शस्त्रक्रिया झाली, औषध चालू आहे, आणि सहा महिन्यांनीं तपासणीस जावें लागतें. देवीच्या कृपेनें आज ती घरांत हिंडती-फिरती आहे. पुतण्याचा डबा त्या सर्व दिवसांत एकदांही चुकला नाहीं. कामावरून येतांना तो दादरास उतरे, डबा देई, काकूशीं अर्धा तास बोले आणि मग डोंबिवलीची गाडी धरी. रविवारीं आम्ही त्याच्या घरीं दिवसभर राहिलों, तेव्हां त्याची मुलगी काकूआजीच्या मांडीवर डोकें ठेवून दुपारभर निजली. त्या घरीं कोणाची खाट आम्हीं हिरावली नव्हती, म्हणून तेथें आम्हांला पाहून कोणाचा चेहरा उतरला नाहीं. बंधूंचें मत मात्र बदललेलें नाहीं. "पैसे देऊन परक्याच्या दारीं राहिलांत," असें ते अद्याप म्हणतात, आणि आम्ही ऐकून घेतों. वडील माणसाचा राग हाही एक प्रकारचा लोभच असतो.

ज्यांच्यावर असा प्रसंग येईल त्यांच्यासाठीं चार व्यवहाराच्या गोष्टी सांगतों. मुक्काम रुग्णालयाच्या जवळ घ्यावा. लांबची स्वस्त खोली टॅक्सीच्या भाड्यांत महाग पडते. खोली डोळ्यांनीं पाहिल्यावांचून पैसे देऊं नयेत. आंत जाऊन नळ सोडून पाहावा, कडी लावून पाहावी, गादी उलटून पाहावी आणि खिडकी उघडते कीं नाहीं तें पाहावें. दिवस चोवीस तासांचा धरतात कीं दुपारीं बारा वाजतां संपवितात, हें आधींच विचारावें. सकाळच्या गाडीनें येणाऱ्यास या एका प्रश्नानें एका दिवसाचें भाडें वांचतें. पावती अवश्य मागावी. हजार रुपयांपर्यंतच्या खोलीवर पूर्वीं कर नव्हता. १८ जुलै २०२२ पासून तो शेंकडा १२ झाला, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून साध्या खोल्यांवर शेंकडा ५ आहे. पावती पाहिली म्हणजे आपण किती कर दिला तें कळतें. आधारची प्रत देतांना जींत शेवटचे चारच आंकडे दिसतात अशी प्रत मिळते, ती जवळ ठेवावी, आणि ती चालेल का तें विचारावें. एका रात्रीचाच प्रश्न असेल तर मोठ्या स्टेशनांवर तिकीटधारकांसाठीं रेल्वेचे विश्रांतिकक्ष असतात, त्यांचीही चौकशी करावी. जिना किती आहे हें रोग्यास घेऊन जाणारानें सर्वांत आधीं पाहावें.

आणखी एक गोष्ट आम्हांस अधिक महत्त्वाची वाटते. दादरास संत गाडगे महाराजांच्या नांवें चालणारी धर्मशाळा आहे. परळास नाना पालकर स्मृति समितीचें रुग्णसेवेचें काम आहे. दोन्ही ठिकाणीं बाहेरगांवच्या रुग्णांची राहण्याची सोय होते. गाडगेबाबांनीं पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी येथें धर्मशाळा उभारल्या आणि स्वतः मात्र कोठेंही घर केलें नाहीं. १९५६ सालीं ते गेले, पण त्यांच्या नांवाचें छप्पर आजही आजारी माणसाच्या डोक्यावर आहे. ज्याची ऐपत खरोखर नाहीं त्यानें तेथें निःसंकोच जावें. परंतु ज्यास निवृत्तिवेतन मिळतें, ज्याचीं मुलें कमावतीं आहेत, त्यानें दोन पैसे वांचविण्यासाठीं तेथील खाट अडवूं नये. ती खाट पदपथावर निजलेल्या कोणाची तरी आहे. आपल्यासारख्यांनीं साध्या लॉजचें भाडें भरणें हेंसुद्धां त्या अर्थानें दानच होय, आणि त्यांत 'माझें' हा शब्दही येत नाहीं.

शहरांत राहणाऱ्या तरुण मंडळींस आमची विनंति आहे कीं, गांवाकडील वडील माणसें लॉजवर उतरलीं तर तो आपला अपमान समजूं नये. त्यांना डबा न्यावा, त्यांच्याजवळ बसावें, रांगेंत त्यांच्या जागीं घटकाभर उभें राहावें. अंथरुणापेक्षां या तीन गोष्टी शहरांत दुर्मिळ आहेत. गांवाकडील वडिलांस सांगणें एवढेंच कीं, मुलाच्या घरीं जागा किती आहे यावरून त्याच्या मनांत जागा किती आहे हें मोजूं नये. आणि आमच्या भगिनींस एक निराळी गोष्ट सुचवितों. आजाराचें, कामाचें निमित्त होण्याची वाट न पाहतां, घरांतील कामाची पाळी जावांनीं वांटून घ्यावी आणि वर्षांतून दोन दिवस प्रत्येक जोडप्यास परगांवीं अशा एखाद्या साध्या, स्वच्छ जागीं राहूं द्यावें. खर्च एका साडीहून अधिक येणार नाहीं. स्मृतिकारांनीं एक रात्र राहणारास अतिथि म्हटलें आहे. आपल्याच संसारांत एखादी रात्र अतिथीसारखें, कोणाचेंही कांहीं लागत नसल्यासारखें, राहून पाहिलें तर घरीं परतल्यावर वाडा अधिक प्रशस्त वाटूं लागतो, असा निदान आमचा अनुभव आहे.